आज्ञार्थ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मागचं लिहिलं ते पन्ह्यावर होतं, आणि त्यावर तुम्ही सगळ्यांनी आपापल्या घरच्या कृती इतक्या प्रेमानं कळवल्यात की माझी वही भरली. आजचा विषय मात्र पन्ह्यासारखा गार नाही. आमच्या घरातलीच बरीच मंडळी हे वाचतात, पुण्याच्या वन्सं, नाशिकचे भाऊजी, तिकडे न्यू जर्सीला असलेली पुतणी. त्या सगळ्यांना विनंती, की मध्येच सोडू नका, शेवटपर्यंत वाचा.

पाहिलंत? दुसऱ्याच परिच्छेदाआधी मी तुम्हाला काहीतरी करायला सांगून मोकळी झाले. विनंती म्हटलं तरी ते सांगणंच. तेहतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईचं तोंड दुसरं काय करणार! आणि आजचा विषय नेमका हाच आहे.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी वाचत असेल तर त्यांना आठवेल, मी नववीला व्याकरण शिकवताना क्रियापदाचे चार अर्थ फळ्यावर लिहायचे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'मुलगा जेवतो' हा स्वार्थ, 'मुला, जेव' हा आज्ञार्थ, 'मुलानं वेळेवर जेवावं' हा विध्यर्थ, आणि 'मुलगा जेवला असता तर बरं झालं असतं' हा संकेतार्थ. स्वार्थ शब्दावर वर्ग हमखास हसायचा. मग मी सांगायची, की अरे हा तो स्वार्थ नव्हे, क्रियापद इथे फक्त स्वतःचा अर्थ सांगतं, कोणाकडून काही मागत नाही. दरवर्षी हेच वाक्य, त्याच जागी. त्या वाक्याचा खरा अर्थ कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली, आणि तो शिकवला माझ्या भाच्यानं.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. १९८८ चा जन्म. एकुलता एक. दिसायला राजबिंडा, बोलायला लाघवी, नकला तर अशा करायचा की आमच्या एका काकांची नक्कल पाहून काकूंना उचकी लागली होती. पण त्याला काही सांगितलं की संपलं. 'बाळ, पाणी आण' म्हटलं की तो म्हणायचा, 'माझे पाय आत्ताच लाकडाचे झालेत.' सहा वर्षांचा होता. आम्ही हसायचो. दुसऱ्यांदा सांगितलं की तो गोष्ट सुरू करायचा, पाय लाकडाचे कसे झाले त्याची, आणि ती इतकी रंगायची की पाणी आपणच उठून प्यायचं. तिसऱ्यांदा सांगितलं की मात्र हसणं संपायचं. किंचाळणं, हातपाय आपटणं, कधी स्वतःचाच हात चावणं. एका तांब्याभर पाण्यासाठी!

घरी पाहुणे आले की आपल्याकडे मुलांना काय सांगतात? 'नमस्कार कर. शुभंकरोती म्हणून दाखव. पाढे म्हणून दाखव.' हा पलंगाखाली. त्याला काही येत नाही असं नव्हतं हो. रामरक्षा त्याला ऐकून ऐकून सगळी पाठ होती. मी एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला असताना रात्री दोनला जाग आली, तर हा अंधारात भिंतीकडे तोंड करून स्पष्ट उच्चारांत रामरक्षा म्हणत होता. सकाळी मी मूर्खासारखी म्हटलं, 'किती छान म्हणतोस रे, आजोबांना म्हणून दाखव ना.' त्यानंतर त्या घरात त्याच्या तोंडून ती कोणी ऐकली नाही.

गृहपाठाचंही तेच. बहीण रडकुंडीला यायची. शेवटी तिनंच एक युक्ती शोधली, किंवा त्यानं तिला शोधू दिली. हा गुरुजी व्हायचा. आजोबांचा चष्मा, हातात लाल पेन्सिल. आणि एका काल्पनिक ढ विद्यार्थ्याची वही तपासायची. त्यात तो 'विद्यार्थ्याच्या' चुका दाखवून बरोबर उत्तरं लिहायचा. गृहपाठ पूर्ण! शाळेत हे कुठलं चालायला? तिथे वहीत लाल पेन्सिल वापरली म्हणून पुन्हा शिक्षा.

१९९६ साली मुंज झाली. मुंज म्हणजे काय ते आठवा. पहाटे ऊठ, आंघोळ कर, मुंडण करून घे, इथे बस, हे म्हण, आता उठ, आता त्यांना नमस्कार कर, आता मातृभोजनाला बस. दिवसभर आज्ञार्थच आज्ञार्थ. बटू पाटावरून उठला तो दिसेना. तासाभरानं मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे सापडला. थरथरत होता. मुहूर्त टळला, दोन्हीकडची मंडळी संतापली, आणि मेहुण्यांनी त्याला सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. ती गोष्ट आमच्या नात्यात आजही लग्नाकार्यात हसत हसत सांगितली जाते. मला एवढंच म्हणायचंय, की तेव्हा त्याचे दात वाजत होते. वैशाख होता. मी त्याला शालीत गुंडाळला, म्हणून मला माहीत आहे.

पुढचं भराभर सांगते. बुद्धी तल्लख, त्यामुळे कॉलेज कसंबसं पार पडलं. पुण्याला संगणकाची नोकरी लागली, ती सुटली, दुसरी लागली, तीही सुटली. काम उत्तम, असं सगळीकडे लिहून मिळायचं. पण शेवटच्या ठिकाणी रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहून आज काय करणार ते एकेकानं सांगायची पद्धत होती. हा त्या पंधरा मिनिटांसाठी आदल्या रात्रीपासून झोपायचा नाही. मेहुणे आधीच गेले होते. २०१९ मध्ये बहीण गेली. २०२१ च्या दिवाळीत तो एक बॅग घेऊन आमच्याकडे साताऱ्याला आला, तो तेव्हापासून इथेच आहे. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. मावशी जगली होती खरी, पण मावशी शिक्षिका होती, ही त्यातली अडचण.

पहिले सहा महिने मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी त्याला वळण लावायला घेतलं. सकाळी सातला उठवायचं, भिंतीवर वेळापत्रक, आंघोळ, फिरणं, अर्ज करणं. वर मधूनमधून 'शाब्बास'. मला वाटायचं, बहिणीनं लाड केले, आता शिस्त लागली की गाडी रुळावर येईल. झालं काय? आधी तो उशिरा उठायचा, मग उठेनासा झाला. आधी दोन वेळा जेवायचा, मग रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं पोळी-साखर. आंघोळ आठवड्यानं. दाढी नाहीच. एप्रिल २०२२ मध्ये मी पाहिलं तेव्हा त्याच्या मनगटाची हाडं वर आली होती.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्याचं आमच्या ह्यांच्याशी उत्तम जमायचं. हे एस.टी.तून निवृत्त झाले आहेत. ह्यांनी आयुष्यात कोणाला कधी काही सांगितलेलं नाही. संसारात मला त्याचा फार त्रास झाला. ओट्यावर बसून दोघं तासन् तास जुना रेडिओ उघडून बसायचे, एक अक्षर न बोलता. मी ह्यांना म्हणायची, 'तुम्ही त्याला जरा काही सांगा.' हे म्हणायचे, 'बघू.' देवानं त्या घरात एक तरी माणूस न सांगणारा ठेवला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आधी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत नैराश्याच्या गोळ्या आणि 'त्याला कामाला लावा' असा सल्ला दिला. मग त्याच्या एका जुन्या मित्रानं पुण्याच्या एका मानसतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. त्यांनी चार भेटी घेतल्या, त्यातल्या दोन फोनवर, कारण ठरलेल्या दिवशी त्याला घराबाहेर पडता आलं नाही. त्या रागावल्या नाहीत. लहानपणाची माहिती द्यायला आई नव्हती म्हणून मला बसवलं. मी पलंगाखालची रामरक्षा सांगितली, लाकडाचे पाय सांगितले, टाकीमागची मुंज सांगितली. त्या लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता एकदा थांबून म्हणाल्या, 'दात वाजत होते, हे नक्की आठवतंय तुम्हाला?'

त्याला ऑटिझम आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला स्वमग्नता म्हणतात ते, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, 'स्वमग्न? हा? हा तर नकला करतो, गप्पा मारतो, डोळ्यात डोळे घालून बोलतो!' माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातली एकलकोंडी, आकडे मोजणारी माणसं. त्या म्हणाल्या, ऑटिझम एका साच्याचा नसतो, आणि काही जणांत एक वेगळीच गोष्ट ठळक असते. कोणत्याही सांगण्याचा, अपेक्षेचा, मागणीचा पराकोटीचा धसका.

मग मी वाचायला लागले. पुतणीनं तिकडून लेख पाठवले, शब्दकोश घेऊन बसले. इंग्लंडात नॉटिंगहॅमला एलिझाबेथ न्यूसन नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या. मुलांच्या वाढीवर त्यांनी आणि त्यांचे पती जॉन न्यूसन यांनी आयुष्यभर काम केलं. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्याकडे येणाऱ्या काही मुलांना ऑटिझमसारखं काही आहे, पण नेहमीच्या वर्णनात ती बसत नाहीत. ही मुलं वरवर मिळून मिसळून वागतात, कल्पनेत रमतात, सोंगं आणतात. पण रोजच्या साध्या साध्या मागण्या टाळण्यासाठी आपलं सगळं चातुर्य पणाला लावतात. कारणं देतात, विषय बदलतात, हातपाय चालत नाहीत म्हणतात. (लाकडाचे पाय! मी पान खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.) त्यांनी त्याला पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स असं नाव दिलं. दीडशे मुलांच्या अभ्यासावरचा त्यांचा लेख २००३ मध्ये वैद्यकीय मासिकात आला. २०१४ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी इतर संशोधकांनी मुलांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात 'एक्स्ट्रीम', म्हणजे पराकोटीचं, असा जरा सौम्य शब्द वापरला. मोठ्या माणसांनी स्वतः भरायची प्रश्नावली यायला २०१९ उजाडलं. म्हणजे माझी बहीण गेली त्या वर्षी.

हे सगळ्यांना मान्य आहे असं मुळीच नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीत हे नाव नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या सूचीतही नाही. भाच्याच्या अहवालात निदान म्हणून फक्त ऑटिझम लिहिलं आहे, बाकीचं खाली वर्णनात. काहींचं म्हणणं, हा वेगळा प्रकार नव्हेच. अनिश्चिततेची भीती आणि चिंता पराकोटीला गेली की कोणीही असंच वागेल. आणि स्वतः ऑटिस्टिक असलेले काही अभ्यासक विचारतात, की नकार देणं हा रोग कधीपासून झाला? ज्या जगाच्या अपेक्षा आपल्याला सोसत नाहीत, त्या टाळणं हे शहाणपण असू शकत नाही का? म्हणून काही जण त्याच आद्याक्षरांत बसवून 'स्वायत्ततेची अनावर ओढ' अशा अर्थाचं नाव वापरतात. मला कोणाची बाजू घेण्याइतकं कळत नाही. पण नावावर भांडण चालू असलं तरी टाकीमागे थरथरणारा मुलगा खरा होता, एवढं मी शपथेवर सांगेन.

मराठीत याला काय म्हणावं यावर मी आणि भाच्यानं एक आख्खी संध्याकाळ घालवली. मागणी म्हटलं तर लग्नाची मागणी घातल्यासारखं वाटतं. हुकूम म्हटलं तर फार मोठं वाटतं. तो म्हणाला, 'तगादा.' मी म्हटलं, तगादा सावकाराचा असतो, पुन्हा पुन्हा येणारा. तो म्हणाला, 'हो, तसाच. मावशी, तुम्हाला भूक लागते तेव्हा भूक लागते. मला भूक लागते तेव्हा भूक माझ्या दारात येऊन बसते आणि म्हणते, ऊठ, खा. मग मी दार लावून घेतो.' भुकेचाही तगादा, लघवीचाही, झोपेचाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वतःच्या इच्छेचाही.

हे शेवटचं मला समजायला वेळ लागला. त्याला कासची फुलं बघायची होती. आमच्यापासून पंचवीस किलोमीटर, लोक मुंबईहून येतात, आणि हा साताऱ्यात राहून कधी गेला नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यानंच हौसेनं बुकिंग केलं, कॅमेरा साफ केला, कुठलं फूल कुठे दिसतं याची यादी केली. त्या सकाळी तो पलंगावर बसून होता. बूट पायात, नाड्या सुट्या. साडेनऊपर्यंत तसाच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि म्हणत होता, 'मला जायचंय गं, मला जायचंय.' तोवर माझ्या मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी 'सोंग करतो' हा संशय होता. त्या दिवशी तो गेला. मला नको ते काम टाळणारे खूप विद्यार्थी माहीत आहेत. हवं ते टाळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आपल्या मराठीत एक फार सुंदर सोय आहे. शक्य क्रियापद. 'तो करत नाही' आणि 'त्याला करवत नाही'. मला हल्ली जिना चढवत नाही. असं मी म्हटलं की कोणी मला आळशी म्हणत नाही, मुजोर म्हणत नाही, लगेच हात पुढे करतात. एवढ्याशा 'व'मध्ये केवढी माया आहे बघा! भाच्याच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी तीस-बत्तीस वर्षं तो 'व' गाळला होता.

तर मग करायचं काय? बक्षीस आणि शिक्षा इथे चालत नाहीत, हे बहुतेक सगळे सांगतात, आणि आम्हीही तेच पाहिलं होतं. 'शाब्बास' तर फार वाईट. शाब्बास म्हणजे पुढच्या वेळीही असंच कर. मानसतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं, की आधी घरातल्या मागण्या मोजा. मी पाटीपेन्सिल घेऊन, म्हणजे वहीच, एक दिवस मोजल्या. दुपारी बारापर्यंत मी त्याला एकट्याला एक्केचाळीस गोष्टी सांगितल्या होत्या. त्यात 'अरे, पंखा बंद कर', 'हे बघ', 'ऐक ना' हेसुद्धा धरले. एक्केचाळीस! पोलीस ठाण्यातसुद्धा कोणी इतकं बोलत नसेल.

बाईंचं म्हणणं, आज्ञा देऊ नका, फक्त काय आहे ते सांगा. म्हणजेच आज्ञार्थ सोडा आणि स्वार्थात बोला. मी मनात म्हटलं, बाई, हे तर माझं नववीचं व्याकरण! 'जेवायला ये' च्या ऐवजी 'आमटी उतरवली आहे.' 'आंघोळ कर' च्या ऐवजी 'बंब तापलाय.' पहिल्या आठवड्यात मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, 'दूध संपलंय वाटतं,' तर तो पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, 'मावशी, हा स्वार्थ नाही. हा वेषांतर केलेला आज्ञार्थ आहे.' अगदी रंगेहाथ पकडलं :) आणि खरंच होतं. माझ्या तोंडात स्वार्थ होता, पण डोळे त्याच्यावर होते, आता उठतो की नाही बघत. वाक्य बदलून भागत नाही. ते दूध त्यानं आणलं नाही तरी चालेल, असं आतून वाटावं लागतं. ते मला अजून दहातून चार वेळाच जमतं.

पण चार वेळा जमतं. मी ताट वाढून ठेवते आणि शब्दकोडं घेऊन बसते. उभे सात अडलं असं पुटपुटते (खरंच अडलेलं असतं हं), आणि तो येऊन बसतो, उत्तर सांगतो, जेवतो. कधी येत नाही. तेव्हा ताट झाकून ठेवते. त्याचं वजन परत भरलं. आळीतल्या बायकांनी तर माझ्याही आधी शिकून घेतलं. एकीचा मिक्सर बिघडला होता; 'दुरुस्त करून देशील का' म्हटल्यावर हा आत निघून गेला. ती तो ओट्यावरच विसरून गेली, आणि सकाळी मिक्सर फिरत होता. तेव्हापासून आमच्या ओट्यावर लोक इस्त्र्या, मिक्सर, टॉर्च ठेवून जातात. बोलत कोणी नाही. मारुतीच्या देवळात नारळ ठेवल्यासारखं. मिळकत म्हणाल तर घरबसल्या थोडं संगणकाचं काम करतो, रात्री, ज्याला तारीख नसते असं. त्यात पूर्वीच्या पगाराचा चौथा हिस्साही येत नाही. आम्हा दोघांनंतर काय, हा प्रश्न मी रात्री तीनला स्वतःला विचारते, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, प्रमाणपत्र मिळू शकेल, पण त्यासाठी ठरल्या दिवशी ठरल्या रांगेत उभं राहायला हवं. ते कागद कपाटात आहेत. कुठे आहेत ते त्याला माहीत आहे.

आता अवघड भाग. सगळ्या मागण्या सोडता येतात का? ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची दाढ दुखायला लागली. मी स्वार्थात बोलत राहिले. 'डॉक्टर संध्याकाळी सातपर्यंत असतात.' 'रिक्षा कोपऱ्यावर असते.' नऊ दिवस. गाल सुजला, डोळा मिटला, ताप १०३ वर गेला. नवव्या दिवशी रात्री मी त्याच्या खोलीत गेले आणि पूर्वीच्या आवाजात म्हटलं, 'ऊठ. आता मी तुला विचारत नाहीये. रिक्षा दारात आहे. मला शिव्या दे, पण चल.' त्यानं तांब्या भिंतीवर मारला. तो पोचा अजून आहे. ह्यांनी त्याला एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या. दवाखान्यात चार दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पू गळ्यात उतरला असता.

घरी आल्यावर तो माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही. मी बरोबर केलं की चूक? जीव वाचला, म्हणजे बरोबर. पण दुसऱ्या की तिसऱ्याच दिवशी बाईंना फोन करून दंतवैद्यालाच घरी बोलावता आलं असतं का, हे मला सुचलं नाही, कारण मी 'मागणी करायची नाही' हा नियम पाठ करून त्यामागे लपले होते. नियम पाळणं हे माझं जुनं दुखणं.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी पहाटे तो अंगणात स्कूटर पुसत होता. मला बघून, माझ्याकडे न बघता म्हणाला, 'उगाच जरा यवतेश्वरच्या घाटातून फिरून येतोय.' मी म्हटलं, 'मलाही हवा खायचीय.' तो काही बोलला नाही. मी मागे बसले. पंच्याहत्तरीला टेकलेली बाई, नऊवारी नसली तरी साडीच, आणि घाटात धुकं. मी यवतेश्वर आलं तेव्हा गप्प राहिले, ते मागे पडलं तेव्हाही गप्प राहिले. कासला पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. आत गेलोच नाही. रस्त्याच्या कडेलाच तेरडा गुलाबी झाला होता, मध्ये सीतेच्या आसवांची निळी नक्षी. कॅमेरा घरीच होता. तो वीसेक मिनिटं उभा राहिला, मग म्हणाला, 'थंडी वाजतेय का गं?' आम्ही परत आलो. ही गोष्ट मी ह्यांच्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर कोणीतरी नक्की म्हणालं असतं, 'वा! आता दरवर्षी जात जा.'

नातेवाइकांसाठी दोन ओळी. 'लाडावून ठेवलंय,' 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं,' हे मी ऐकलं आहे. रागानं लिहीत नाही, कारण मीही तेच म्हणत होते, आणि तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात. आमच्या वेळीही होतं. १९८३-८४ च्या सुमाराला माझ्या वर्गात एक मुलगी होती. निबंध उत्तम लिहायची, पण मी दिलेल्या विषयावर कधीच नाही. विषय दिला की कोरी वही. मी तिला छड्या मारल्या आहेत. तेव्हा मारत असत, सगळेच मारत, पण हात माझा होता. तिला काय होतं ते मला माहीत नाही, आणि आता चाळीस वर्षांनी तिच्यावर कसलं नाव चिकटवण्याचा मला अधिकार नाही. ती दहावीला बसली नाही. एवढंच माहीत आहे.

हे सगळं लिहायच्या आधी भाच्याची परवानगी घ्यायला हवी होती. पण विचारायचं कसं? 'लिहू का?' हाही तगादाच. म्हणून मी छापील कागद जेवणाच्या टेबलावर, शब्दकोड्याच्या शेजारी ठेवले, वर पेन्सिल ठेवली, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं, 'हे नको असलं तर चुलीत जाईल.' तीन दिवस ते तसेच पडून होते. चौथ्या दिवशी दिसेनात. मी चुलीकडे बघितलं, मग स्वतःला आवरलं. आठव्या दिवशी सकाळी ते जागेवर होते. दोन परिच्छेद पूर्ण खोडलेले होते. ते तुम्ही वाचले नाहीत. दाढेच्या गोष्टीत मी अकरा दिवस लिहिलं होतं, तिथे 'नऊ' केलं होतं. 'रामरक्शा' असं एका ठिकाणी टंकलं गेलं होतं, ते सुधारलं होतं. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, मी वह्यांवर करायची तशीच, लाल पेन्सिलीनं एक बरोबरची खूण होती. मी ठेवलेली पेन्सिल काळी होती.